भामाकाकीचे दगड

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. आंबेखोल गावात घर तिथे परस आणि परस तिथे पडवळाचा मांडव. पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला दोरीने दगड बांधतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण आंबेखोलात तो दगड त्यासाठी बांधत नाहीत. कशासाठी बांधतात, ते ऐका.

त्या गावात भामाकाकी राहायची. तिला एकुलती एक लेक, आबू. श्रावणातल्या एका भर दुपारी भामाकाकीने चुलीपाशी बसूनच हाक दिली, "आबू, एक पडवाळ काढून हाड गो!" आबू मांडवाखाली गेली. हिरवी पडवळं लोंबत होती. तिने एकाला हात घातला आणि ते हललं. तो चापडा होता, पानांच्या रंगाचा विषारी साप. संध्याकाळपर्यंत आबू गेली.

भामाकाकीने त्यानंतर चूल पेटवली नाही, असं म्हणतात. ओढ्यातले दगड झोळीत भरून ती दारोदार फिरू लागली. ज्याच्या त्याच्या परसात शिरायची आणि दिसेल त्या पडवळाला दगड बांधायची. गवतात टाकलेला कोयता उचलून खुंटीला लावायची, विहिरीत वाकणाऱ्या पोरांना धपाटा घालायची. आणि सांगायची, "आधी दगड बघा, मगे हात घाला. ज्याका दगड नाय, ता पडवाळ न्हय."

लोक हसायचे. पडवळांना दागिने घालणारी म्हातारी, म्हणायचे. पण झोळीची खडखड ऐकली की पोरं मांडवाखालून मुकाट बाहेर यायची. तिच्या हयातीत आंबेखोलात पुन्हा कुणाला पान लागलं नाही, म्हणजे साप चावला नाही, असं म्हणतात.

पुढे भामाकाकी गेली. गरज सरो, वैद्य मरो. गावाने दगड बांधायचं सोडलं. सुंदरी परबीण तर चारचौघींत म्हणाली, "मी रोज परस झाडतंय. माझ्याकडे खयचो साप येतलो?"

एका श्रावणात, भर दुपारीच, सुंदरी घरात जात्यावर बसली होती. तिची लेक गुणी मांडवाखाली भातुकली मांडून खेळत होती. जात्याच्या घरघरीत मध्येच दुसराच आवाज आला. खडखड, खडखड. सुंदरीचा हात थांबला. जातं थांबलं, तरी खडखड थांबेना. मग गुणीचा आवाज आला, कुणाशी तरी बोलत असल्यासारखा. "आणि ह्याका गो? ह्याका कित्याक नाय?"

सुंदरी मागल्या दाराशी धावली आणि तिथेच थिजली. मांडवावरच्या एकूण एक पडवळाला दगड बांधलेला होता. वारा नव्हता, तरी सगळे दगड झुलत होते. मधलं एकच पडवळ मोकळं होतं, आणि गुणीचा हात त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबला होता.

"आये, ती काकी सांगता, ह्याका हात लावू नको. ह्याका दगड नाय."

"खयची काकी गो?"

परसात कुणीच नव्हतं. तेवढ्यात त्या मोकळ्या पडवळाने डोकं उचललं. सुंदरीने लेकीला खेचून छातीशी धरलं आणि ती घळाघळा रडली. चापडा हळूच पानांत शिरला.

सांजवेळी पोर थोडी सावरल्यावर सुंदरीने विचारलं, "काकी आणखी काय म्हणाली गो तुका?"

"काय नाय. माका आबू म्हणून हाक मारल्यान."

गुणीच्या जन्माआधीच भामाकाकी वारली होती. आबूचं नाव तर त्या घरात कुणी कधी काढलंच नव्हतं.

आजही आंबेखोलात वेलीला पहिलं पडवळ धरलं की आधी दगड बांधतात, मगच पोरांना परसात सोडतात. तिथली कुठलीच आई चुलीपाशी बसून लेकीला भाजी आणायला सांगत नाही. स्वतः उठते, मांडवापर्यंत जाते. आणि एखाद्या दुपारी, घरातल्या कुणीही न बांधलेला दगड पडवळाला लटकलेला दिसतो, असं म्हणतात. तेव्हा त्या घरची बाई घाबरत नाही. रिकाम्या परसाकडे बघून हात जोडते आणि सांगते, "काकी, पोर घरात आसा."

मग झुलणारा दगड थांबतो.