पिकल्या पानाची शेपूट

"मग एवढं ई जीवनसत्त्व आलं कुठून, सर?"

रेवती टेकडी चढून धापा टाकत होती. आश्रमाच्या दारातूनच तिने विचारलं.

भास्करबुवा अंगणातली पानं झाडत होते. संन्यास घेण्यापूर्वी ते कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. रेवती त्यांची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. तिलाही ते ठाऊक होतं.

"कशात सापडलं?"

"पिवळ्या पानांत! हिरव्यांपेक्षा जास्त! मेलेल्या पानांत कसं वाढेल? माझं मोजमापच चुकलंय. उद्या सगळं टाकून देते. प्रयोग फसला."

बुवा झाडत राहिले.

"बोला ना! एवढी विद्या तुमची... आणि इथे झाडू मारता. वाया गेली सगळी."

"पान मेलं म्हणालीस?"

"पिवळं पडलं म्हणजे मेलंच."

"अशा पानाला घरी आई काय म्हणते?"

"आई?... पान पिकलं म्हणते." ती चिडली. "शब्दांनी काय होतंय, सर?"

"बरं. पानातल्या हिरव्या द्रव्याच्या रेणूला एक लांब शेपूट असते. पान पिकलं की तिचं काय होतं?"

"तुटते."

"आणि ई जीवनसत्त्वाला?"

"त्यालाही शेपूट असतेच. तशीच लांब..."

रेवतीची नजर झाडलेल्या पानांच्या ढिगाकडे गेली.

"तशीच... सर! तीच?"

बुवांनी झाडू थांबवला.

"पण तुटलेली शेपूट ई जीवनसत्त्वाला आपोआप कशी जोडली जाईल? तिला कुणीतरी उचलून तयार करायला हवं..." तिने कपाळावर हात मारला. "दुसऱ्या वाफ्यातली रोपं! त्यांच्यातलं एक जनुक मी बंद केलं होतं. तीही पिवळी पडली, पण त्यांच्यात ई वाढलंच नाही! ई बनवणारी बाकीची जनुकं तर चालू होती! म्हणजे हेच जनुक शेपूट उचलतं! सर, मोजमाप बरोबर होतं!"

ती अंगणभर नाचली. बुवांनी केलेला पानांचा ढीग पार विस्कटला.

बुवा हसले. पुन्हा झाडू लागले.

रेवतीने एक पिवळं पान उचललं. उलटंपालटं करून पाहिलं.

"सर..." तिचा आवाज खाली आला. "तुम्ही कॉलेज सोडलंत, तेव्हा तुमची विद्याही या शेपटीसारखीच कुठे जाऊन जोडली गेली?"

बुवांनी कोपऱ्यातल्या माठावरचं झाकण काढलं. तांब्या भरून तिच्यापुढे धरला.

"मघाशीच टेकडी चढून आलीस. अजून पाणीसुद्धा प्यायली नाहीस."