तळहाताएवढं ऊन

“आणि ते ऊन बिघडलं तर?”

सुधन्वाने पुन्हा तेच विचारलं. मिराशी मास्तर पडवीच्या पायरीवर बसून ब्रश धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बिघडेल.”



समोर कावळकडा उभा होता. कडा आणि सुधन्वा यांच्या मधोमध ईझलवर त्याने काढलेलं कड्याचं तैलचित्र होतं.

चित्रात एकच जागा साधली होती. मास्तरांकडे आल्यावर अगदी पहिल्या सकाळी कड्याच्या माथ्यावर उन्हाचा तळहाताएवढा तुकडा असा काही उतरला, की मास्तरांच्या तोंडून ‘हं’ निघालं. मास्तरांचं ‘हं’ म्हणजे दुसऱ्या कुणी शाल-नारळ देण्यासारखं. तेव्हापासून या पठ्ठ्याची झोप उडाली होती.

त्या उन्हाला धक्का नको म्हणून आकाश त्याने बोटभर अंतर सोडून रंगवलं. खालची झाडी मवाळ केली. दरी तर इतकी भीत भीत काढली की ती दरी वाटेना, वाळत घातलेली चादर वाटू लागली.

सोमवारी चित्र शहरातल्या प्रदर्शनाला पाठवायचं होतं. निवडलं गेलं तर ठीक. नाहीतर वडिलांच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलं होतं. आणि एकदा त्या गल्ल्यावर बसलो की पुन्हा ब्रश हातात धरणार नाही, हे सुधन्वाला पक्कं ठाऊक होतं.

“मास्तर, एवढंच सांगा... बाकीचं चित्र त्याच्या तोडीचं कसं करू?”

मास्तर उठून जवळ आले.

“तुला काय हवंय? ऊन की चित्र?”

“दोन्ही.”

हे त्याने जरा ताठ्यातच सांगितलं. ते ऊन शेवटी त्याने काढलं होतं, मास्तरांनी नव्हे.

“बरं.”

मास्तरांनी टेबलावरचं कॅनव्हास कापायचं पातं उचललं. कडेला लोंबणारा दोरा कापतील, असं सुधन्वाला वाटलं. मास्तरांनी उन्हाच्या चारी बाजूंनी पातं फिरवलं... आणि निघालेला तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

“हे ऊन. जप.”

  मास्तरांचा सुधन्वाला इतका राग आला की डोळे भरून आले.

“आता... सोमवारी मी काय पाठवू?”



चित्राला भलंमोठं भोक पडलं होतं. बघवत नव्हतं, आणि नजरही हलत नव्हती.

“भोकातून काय दिसतंय?” मास्तरांनी विचारलं.

“कडा.” तो चिडून म्हणाला.

“कसा आहे?”

“कसा म्हणजे... काळा...”

तो थांबला. पुढे झुकला.

“काळा नाही. जांभळट आहे. आणि माथ्यावर ऊन नाहीच. ते खाली... कपारीत उतरलंय.”

भोकाला डोळा लावून तो बघत राहिला.  मुठीतल्या तुकड्यावरचा जाड रंग आतून अजून ओला होता. तो फुटून बोटांना माखला, पण सुधन्वाचं तिकडे लक्ष नव्हतं.

“मास्तर... हा असा कधीपासून आहे?”

मास्तर चिंधीने पातं पुसत होते.

“तू आलास त्या दिवसापासून तुझ्या चित्रामागे उभा आहे, बिचारा.”