मुळं ओली आहेत तोवर

एकदा एक वृद्ध गुरू आपल्या शिष्येच्या सामानाचं ओझं स्वतःच्या खांद्यावर घेऊन हिरव्यागार मैदानातून चालले होते. गुरूनं ओझं वाहायचं आणि शिष्येनं रिकाम्या हातानं पुढं चालायचं, हे आपल्या परंपरेत बसत नाही, हे मलाही कळतं. पण ज्या खेळाची ही गोष्ट आहे, तो खेळच जरा उफराटा आहे.

खेळ गोल्फचा. आता गोल्फ म्हटलं की आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतील, हा मोठ्या लोकांचा खेळ, त्यातलं आपल्याला काय कळणार! अहो, अवघड काही नाही. लहानपणी जमिनीत गल खणून गोट्या खेळलातच ना? इथं गोटीऐवजी चेंडू, बोटांऐवजी काठी आणि गल मात्र पार त्या टोकाला. अशा एकापुढं एक अठरा गली. खेळणारे त्यांना होल म्हणतात. कमीत कमी फटक्यांत जो सगळे होल पुरे करील, तो जिंकला. यात प्रतिस्पर्धी तुमच्या चेंडूला बोटही लावत नाही, आणि म्हणूनच हा खेळ भयंकर आहे. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला, पंचाला, गेलाबाजार खेळपट्टीला तरी बोल लावता येतो. इथं चेंडू तुमच्यासमोर निवांत पडलेला असतो. तो वाकडा गेला, तर दोष द्यायचा कुणाला? आणि माणसाला तर कुणाला तरी दोष दिल्याशिवाय अन्न गोड लागत नाही.

गुरूंना सगळे नानासाहेब म्हणत. तरुणपणी त्यांनी या खेळात नाव काढलेलं. आता सत्तरी उलटली होती आणि छातीत दम्यानं बिऱ्हाड केलं होतं. शिष्येचं नाव वैजयंती. हात सोन्याचा, पण राग नाकाच्या शेंड्यावर. राज्याच्या संघातली एक जागा दोन वेळा तिच्या हातातोंडाशी येऊन निसटली होती. दोन्ही वेळा खेळ चुकला होता एकदाच, पण त्या एका चुकीचा संताप पुढच्या चार चुका घेऊन आला होता. या वर्षी पुन्हा एकच जागा उरली होती, आणि ती वैजयंती किंवा तिच्यासोबत खेळणारी देवयानी, या दोघींपैकी एकीला मिळणार होती. आज निवडीची शेवटची फेरी होती. म्हणून नानासाहेब म्हणाले, "आज तुझी काठ्यांची बॅग मी उचलणार."

"नाना, तुम्हाला दम लागेल."

"लागू दे. दुसरं कुणी असलं तर तू त्याच्यावर ओरडशील. माझ्यावर ओरडायला जरा तरी कचरशील."

इथं नानांचा अंदाज चुकला.

सकाळचे पहिले काही होल वैजयंती अशी खेळली की बघणाऱ्यांनी बघत राहावं. ती देवयानीच्या पुढं निघाली. मग एका होलवर तिनं काठी फिरवली आणि चेंडू उजवीकडं भरकटत जाऊन तळ्यात पडला. डुबुक! आणि त्याच वेळी मागं उभ्या नानांना खोकला आला.

वैजयंती गर्रकन वळली. "नाना! तुम्ही खोकलात! नेमकं तेव्हाच खोकायचं होतं? घरी बसायचं होतं ना मग!"

देवयानी होती, पंच होते, बघायला आलेली चार माणसं होती. सगळ्यांसमोर ती बोलली. नाना म्हणाले, "चुकलं गं बाई," आणि बॅग उचलून चालू लागले.

आता खरी गोष्ट सांगतो. खोकला चेंडू सुटल्यानंतर आला होता. हे देवयानीला दिसलं होतं, पंचांना दिसलं होतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे वैजयंतीलाही पक्कं ठाऊक होतं. पण तोंडातून सुटलेला शब्द तिला गिळता येईना, आणि खरं कबूल करायला जीभ वळेना. मग काय होतं, आपल्याला अनुभव आहे. ज्याच्यावर आपण अन्याय करतो, त्याचाच आपल्याला अधिक राग यायला लागतो. पुढचे दोन होल तिनं दातओठ खात मारले आणि दोन्ही वाया घालवले. देवयानी बरोबरीला आली.

तिसऱ्याही होलवर तेच. काठी चेंडूच्या आधी जमिनीत घुसली, तळहाताएवढा गवताचा तुकडा मातीमुळांसकट उडाला, आणि चेंडू जेमतेम पुढच्या झाडीपर्यंत जाऊन पडला. तिनं काठी बॅगेत आदळली आणि तरातरा झाडीकडं निघाली. चेंडूपाशी पोचून हात मागं केला, तर मागं कुणीच नाही. बॅग नाही, नाना नाहीत.

नाना तिथंच होते, जिथून तिनं फटका मारला होता. ते गवतात काहीतरी शोधत होते. मग त्यांना तो उडालेला तुकडा सापडला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून आणला, गुडघे टेकले, जमिनीला पडलेल्या खळग्यात नीट फिरवून फिरवून बसवला, कडा बोटांनी दाबल्या, आणि मग बॅगेतली पाण्याची बाटली काढून त्यावर ओतली. वैजयंतीसाठी घरून आणलेलं वाळ्याचं पाणी होतं ते. बाटली रिकामी झाली.

आता या खेळात उडालेला तुकडा जागच्या जागी ठेवावा, हा शिष्टाचारच आहे. सगळे पायानं सरकवतात, एक दाब देतात आणि चालू लागतात. पण संघाची जागा पणाला लागलेली, पंच घड्याळ बघताहेत, रेंगाळलं तर दंडाचा फटका पदरी पडतोय, आणि हे गृहस्थ पूजेला बसल्यासारखे बसलेत! वैजयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच परत आली.

"नाना, चेंडू कुठं, तुम्ही कुठं! बैल गेला अन् झोपा करताय?"

"बैल गेला खरा," नाना गुडघ्यावर हात ठेवून उठत म्हणाले, "पण गोठा आपलाच आहे ना?"

"मला काही समजत नाही."

नानांनी दम घेतला. मग हळू आवाजात म्हणाले, "वैजू, चेंडू एकदा सुटला की तो वाऱ्याचा झाला, उताराचा झाला, झाडांचा झाला. त्यात तुझं काही उरलं नाही. पण त्याला मारताना तुझ्या हातून जमीन उकरली गेली, ती मात्र तुझी. हा तुकडा बघ. मुळं अजून ओली आहेत. आत्ता बसवला तर पुन्हा धरेल, पावसाळ्यापर्यंत कुणाला ओळखूही येणार नाही. तासाभर उन्हात सुकल्यावर बसवशील, तर वरून हिरवा दिसेल आणि खालून मेलेला असेल. रागावू नकोस असं मी म्हणत नाही. मीही पुष्कळ रागावलोय, काठ्या मोडल्यात. राग येणारच. आला की त्याला काहीतरी काम द्यावं. मागं वळावं, तुकडा शोधावा, वाकावं, बसवावा. वाकलेल्या माणसाला फार वेळ तोऱ्यात राहता येत नाही. आता चल, पंचांनी दोनदा घड्याळ पाहिलंय."

एवढंच बोलून ते चालू लागले. ती मागून गेली. चेंडू दोन झाडांच्या मध्ये होता. पुढं एक चिंचोळी फट दिसत होती, आणि तिच्यातून नेमका मारला तर गेलेलं सगळं एका फटक्यात वसूल. रागावलेल्या खेळाडूला अशी फट नेहमी वेशीएवढी दिसते. वैजयंतीलाही मघाशी ती तशीच दिसली होती. आता दिसली तर जेमतेम हातभर! तिनं मुकाट्यानं आडवा, साधा फटका मारून चेंडू झाडीबाहेर काढला. एक फटका गेला, पण होल वाचला.

मग तिनं नानांचं सांगणं मनावर घेतलं. मनात काही फार उमजलं होतं म्हणून नाही; दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. फटका मारला, चेंडू बरा गेला की वाईट, ते बघितलं, आणि तुकडा शोधायला मागं वळली.

आणि मागं वळली म्हणून तिला ते दिसलं.

नाना तिच्या मागं नव्हते. बॅग तिच्याजवळ ठेवून ते पार लांब, एका करंजाच्या झाडाखाली जाऊन उभे होते. तोंडावर रुमाल दाबलेला, डोळे मिटलेले, आणि दाबून धरलेल्या खोकल्यानं दोन्ही खांदे गदगदत होते. सकाळी ती ओरडल्यापासून प्रत्येक फटक्याला ते असेच लांब जाऊन उभे राहत होते. तिची नजर कायम पुढं, चेंडूवर. तिला कळणार कसं? फटका झाला की ते धापा टाकत परत येत, बॅग उचलत आणि काहीच झालं नाही असे चालू लागत.

हातात गवताचा तुकडा घेऊन वैजयंती तशीच उभी राहिली. आत्ता जावं, आत्ता बोलावं, असं तिला वाटलं. पण पंचांनी "चला, चला" केलं. पुढच्या होलवर देवयानी जवळ होती. त्याच्या पुढच्या होलवर शब्दच जुळेनात. ज्या बाईला संघात जागा मिळवण्याची हिंमत होती, तिला "माझं चुकलं" हे दोन शब्द उचलवेनात. आणि ऊन तर वाढतच होतं.

खेळ मात्र सावरला. एकेक होल करत दोघी शेवटच्या होलवर आल्या, तेव्हा सगळी गंमत एका चेंडूवर येऊन ठेपली होती. देवयानीचं संपलं होतं. वैजयंतीचा चेंडू होलपासून चार हात अंतरावर. एका फटक्यात आत पडला तर बरोबरी, आणि बरोबरी झाली तर आधीच्या फेरीतल्या सरस खेळामुळं जागा तिची. नाही पडला, तर देवयानीची. सगळे श्वास रोखून उभे. नाना नेहमीप्रमाणं मागं मागं सरकत निघाले होते, रुमाल खिशातून निघाला होता.

वैजयंतीनं काठी खाली केली.

"नाना, कुठं निघालात?"

"हा इथंच, जरा..."

"लांब नाही जायचं. इथं या. माझ्याजवळ उभे राहा. आणि तो रुमाल ठेवा खिशात."

"अगं, खोकला येईल."

"आला तर खोका," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. सकाळी जेवढ्या आवाजात बोलली होती, तेवढ्याच.

नाना जवळ येऊन उभे राहिले. तिनं चेंडूवर नजर लावली, काठी मागं नेली, आणि सकाळपासून छातीत कोंडून ठेवलेला तो दुष्ट खोकला नेमका त्याच क्षणी उसळला. या वेळी चेंडू सुटल्यावर नाही, सुटायच्या आत. काठी चेंडूला लागली. चेंडू सरळ निघाला, होलच्या कडेला आला, कडेवर किंचित डळमळला आणि बाजूनं निघून पुढं जाऊन थांबला.

तुम्हाला वाटलं असेल, एवढं सगळं झाल्यावर आता तो आत पडणार. गोष्ट सांगणाऱ्यालाही तसं वाटत होतं. पण चेंडूला गोष्टी ऐकायची सवय नसते.

सगळ्यांचे डोळे वैजयंतीच्या चेहऱ्यावर. देवयानीनं तर मान खाली घातली होती. नानांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वैजू, मी खोकलो गं."

"हो, ऐकलं मी."

"तुझी जागा गेली. माझ्यामुळं..."

वैजयंतीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते तिनं लपवलं नाही. जागा गेल्याचं दुःख तिला झालंच होतं. ते का होऊ नये? पण ती एक पाऊल पुढं आली आणि तिनं म्हाताऱ्याचा हात आपल्या हातात धरला.

"नाही नाना. चेंडू माझ्या हातून गेला," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "सकाळचाही माझ्याच हातून गेला होता. तुमचा खोकला नंतर आला होता. मला तेव्हाच माहीत होतं."

नानांनी दुसरा हात तिच्या हातावर ठेवला आणि किंचित दाबला, कडेकडेनं. वैजयंतीनं पुढं थांबलेला चेंडू होलमध्ये ढकलला, देवयानीपाशी जाऊन तिच्या पाठीवर थाप दिली, आणि परत येऊन बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"पाणी आहे का हो थोडं? घसा सुकलाय."

"कुठलं पाणी! गवताला घातलं ना सगळं."

दोघंही हसली. हसता हसता नानांना पुन्हा खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत ती त्यांची पाठ चोळत उभी राहिली.

हे वाचून झाल्यावर ज्याला आज कुणाची तरी आठवण झाली असेल, त्यानं ते दोन शब्द उद्यावर टाकू नयेत. ऊन वाढत असतं.