मोडक्या पंखाची टिटवी

माळावर अजून पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. टिटवीने खड्यांत चार अंडी घातली होती. एका सकाळी वास काढत पाच कोल्हे तिकडे आले.

"एकेकाचे डोळेच फोडतो!" टिटवा फणफणला.

"अहो, ते पाच आहेत. लढायचं नाही, दमवायचं," टिटवी म्हणाली.

मोडल्यासारखा पंख ओढत ती दूर पळत सुटली. कोल्हे मागे लागले. ती थकली की टिटवा लंगडू लागे. ऊन चढलं तसे चार कोल्हे एकेक करून सावलीला गेले. पाचवा, म्हातारा, लांबच्या ओढ्यापाशी मटकन बसला. तशी टिटवी दोन्ही पंख पसरून सहज उडाली न् पलीकडच्या दगडावर बसली.

"पंख तर धड आहे तुझा. मग सकाळीच उडून का नाही गेलीस?"

"मी उडाले असते, कोल्होबा. अंड्यांना कुठे उडता येतं?"