काझीची पगडी आणि जैतूनबीची बकरी

काझीसाहेबांची नवी पगडी जैतूनबीच्या बकरीने लोंबत्या शेमल्यासकट खाल्ली. खालचं डोकं तेवढं सोडलं, त्यात खाण्यासारखं काही नसावं. काझी असे भडकले की लगेच कचेरी भरवली. कसाई सुरी घेऊन हजर.

निकालाआधी काझी रिवाजाप्रमाणे म्हणाले, "बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम. ही बकरी आजच कापावी."

"थांबा," जैतूनबी म्हणाली, "कोणाचं नाव घेतलंत?"

"अपार दयाळू, परम कृपाळू अल्लाहचं. एवढंही ठाऊक नाही?"

"मला आहे. हा कसाईसुद्धा सुरी चालवताना 'बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर' एवढंच म्हणतो. रहमान-रहीम म्हणून गळा कापायची त्याला लाज वाटते."

कसायाने मान डोलावली.

"अल्लाह न्यायीही आहे, म्हातारे," काझी गुरगुरले.

"आहेच की. पण रोज नमाजात तुम्हीच आधी रहमान-रहीम म्हणता, न्यायाचा, कयामतचा दिवस त्यानंतर. तो दिवस उजाडला की बकरी घेऊन येते. तोवर ती दूध देईल."

कचेरी खदखदून हसली. काझींनी बकरी सोडली. बकरीने मात्र त्यांची बाही सोडायला बराच वेळ लावला.