पाचची कळ

डोंगरातल्या एका धरणावर सोपान घुले नावाचा माणूस होता. दरवाजे वर-खाली करायचं काम त्याचं. समोर पडदा, हाताखाली कळफलक. उजवीकडच्या आकड्यांवर त्याचा हात असा बसला होता, की पडद्याकडे बघणं त्याला कमीपणाचं वाटे. "बोट चुकत नाही आपलं," म्हणायचा. आणि ते खोटं नव्हतं बरं का.

खोड होती ती त्या कळांची. एरवी पाच दाबलं की यंत्राला पाच हा आकडाच पोचे. पण हुकूम द्यायची पद्धत लावलेली असली, की तीच कळ आधी एक खूण धाडी: आता येतोय तो आकडा नाही, हुकूम आहे. आणि पाचच्या कळेचा हुकूम होता, दरवाजा पूर्ण उघड. कळेवर छापलेलं मात्र पाचच.

त्या सकाळी तपासणीसाठी सोपानने हुकमाची पद्धत लावली आणि काढायला विसरला. दुपारी पाणी वाढलं. दरवाजा पाच इंच उघडायचा होता. एवढ्याने खाली नदीच्या वाळूवर मुक्कामाला उतरलेल्या धनगरांना काही होणार नव्हतं. सोपानने पाच दाबलं. पडद्यावर प्रश्न उमटला, 'दरवाजा पूर्ण उघडायचा?' हा बाबा खिडकीबाहेर बघत होता. सवयीने त्याने एंटर दाबलं. झालं!

धरणाच्या भिंतीवर इशाऱ्याच्या भोंग्यापाशी पहाऱ्याला जैतूनबी होती. वॉकीटॉकीवर तिचा आवाज आला.

"सोपानभाऊ, दरवाजा थांबत नाही."

"पाच दाबलंय मी."

"अहो, कितीतरी वर गेलाय. पाणी धनगरांच्या तळाकडे निघालं."

"पाचच दाबलंय म्हणतो ना!" त्याने रागारागाने पुन्हा तीच कळ दाबली, पुन्हा एंटर. दरवाजा चढतच राहिला.

"भाऊ, पडद्यावर पाच दिसतंय का?"

सोपानची मान वळेना. बघायचं म्हणजे अर्धी चूक कबूल करायची. पण खाली ठकूबाई धनगरणीचं तान्हं झोळीत निजलेलं त्याने सकाळीच पाहिलं होतं. शेवटी त्याने पडद्याकडे पाहिलं. पाच कुठेच नव्हतं. 'पूर्ण उघडणे चालू' असं लिहिलेलं होतं.

"भोंगा वाजव," तो कसाबसा म्हणाला आणि थांबवायची लाल कळ दाबली.

धनगर जीव घेऊन वर पळाले. पोर वाचलं. काही मेंढरं मात्र डोळ्यांदेखत वाहून गेली.

संध्याकाळी ठकूबाई पोराला कडेवर घेऊन वर आली. लुगडं अजून ओलंच होतं.

"यंत्र बिघडलं व्हतं म्हनं," ती म्हणाली.

सगळे तेच बोलत होते. सोपानने नुसती मान हलवली असती, तरी भागलं असतं.

"नाही, ठकूबाई. यंत्रानं मला विचारलं होतं. मी बघितलं नाही."

ठकूबाईने पोराला छातीशी घट्ट धरलं आणि ती खाली उतरली.

तात्पर्य: आपण काय सांगितलं यावर अडून बसू नये, समोर काय पोचलं, ते आधी डोळे उघडून पाहावं.