सारजा-गिरजेची गाठ

एका राज्यात, आणि ते राज्य मोहरीच्या दाण्यात सहज मावेल एवढेच होते, जुळ्या बहिणींच्या शेहेचाळीस जोड्या राहत. प्रत्येक जोडीपाशी एक विद्या आणि दोघींच्या कमरांना मिळून एक गाठ. एका राज्याची दोन राज्ये व्हायची वेळ आली, की पूर्व-पश्चिमेच्या बुरुजांवरून दोर सुटत आणि चाचपडत बहिणींपर्यंत येत. एक बहीण पूर्वेला जाई, एक पश्चिमेला. मग दोन्ही नगरांत साऱ्या विद्या पोचत.

मागल्या खेपेस एका जोडीला ताटातूट सोसवेना. दोघी पूर्वेलाच गेल्या. त्यांच्यापाशी जखम भरण्याची विद्या होती. पश्चिमेचे नगर साध्या ओरखड्यांनी मेले. मरता मरता त्याने शाप दिला, "त्या विद्येच्या बहिणी आपणहून दुरावेपर्यंत हे राज्य दुभंगणार नाही. म्हातारे होऊन मरेल."

आता ती विद्या सारजा आणि गिरजा यांच्यापाशी होती. राजा धारकेतू अंथरुणाला खिळला होता. पंचेचाळीस जोड्या दोर ताणून वाट पाहत होत्या, आणि या दोघींचे रडणे काही संपेना.

पहिल्यांदा दोघींनी पूर्वेचा दोर धरला. गाठीवर बसून दोर तपासणाऱ्या टिटवीने त्यावर चोच मारून पाहिली. "सैल," ती म्हणाली आणि दोर तोडला. दुसऱ्यांदा दोघींनी पश्चिमेचा धरला. "सैल." तोही तोडला. बुरुजांवरून पुन्हा नवे दोर आले.

"टिटवीबाई, सैल दोराने काय बिघडते?" गिरजेने विचारले.

"दोघी एकीकडे गेलात, की दुसरीकडे मरण. ओढ दोन्हीकडून हवी."

सारजेने बहिणीचे तोंड पुसले. "गिरजे, तू पूर्वेचा धर, मी पश्चिमेचा धरते. तू ओढलेस, तरच माझा दोर टिकेल."

"मी तुला कशी गं दूर ओढू?"

"धर म्हणते ना."

तिसऱ्यांदा दोर ताठ झाले. गाठ इतकी आवळली, की दोघींना एकमेकींचा श्वास कळत होता. इतक्या जवळ त्या कधीच नव्हत्या. टिटवीने चोच मारली, दोर वाजला. "सगळे दोर ताठ!" ती ओरडली. राजाने मान डोलावून हुकूम दिला.

शेहेचाळीस गाठी एकदम सुटल्या. बहिणी कमरेने ओढल्या गेल्या. हात मात्र मागे राहिले, एकमेकींकडे पसरलेले. मध्ये भिंत उभी राहिली आणि शाप फिटला.

पश्चिमेला एका शिंपिणीच्या बोटात सुई रुतली. चार दिवसांत खपली धरली, पडलीही. सारजेने ते कोवळे कातडे पाहिले आणि नकळत आपला हात कमरेवर नेला.

दोन्ही राज्ये सुखाने नांदली. तिथल्या साऱ्या जखमा भरल्या. सारजेच्या कमरेवरचा गाठीचा वळ मात्र कधी गेला नाही.